वस्ती आणि मतपेटी : गिरणगावच्या निमित्ताने

ऑक्टोबर १९७० मध्ये मुंबईच्या परळ विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेथील कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा त्याच वर्षी ५ जूनला खून झाला होता आणि त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई त्या जागेसाठी उभ्या होत्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक त्यांच्याविरुद्ध दोन हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला तिचा पहिला आमदार गिरणगावाने दिला. तीन वर्षांपूर्वी, १९६७ साली, याच मतदारसंघाने कृष्णा देसाईंना विधानसभेत पाठवले होते. या तीन वर्षांत चाळी बदलल्या नव्हत्या, भाडेकरू बहुतांशी तेच होते, गिरण्यांच्या पाळ्याही त्याच भोंग्यावर सुरू होत होत्या आणि सुटत होत्या. मग बदलले काय?

हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु गिरणगावच्या साहित्याविषयी आपण वर्गात जे बोलतो आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत जे लिहितात, त्याच्या मुळाशी एक समीकरण असते. वस्ती कामगारांची, म्हणून जाणीव वर्गीय. वस्ती दलितांची, म्हणून जाणीव विद्रोही. वस्ती पांढरपेशांची, म्हणून जाणीव आत्ममग्न. माणसे कोठे राहतात यावरून ती काय मानतात हे ठरवून टाकण्याची ही सवय आहे. निवडणुकीचे अभ्यासकही पुष्कळदा याच सवयीने बोलतात. फरक एवढाच, की त्यांच्या समीकरणाची परीक्षा दर काही वर्षांनी मतपेटीत होते, आपल्या समीकरणाची कधीच होत नाही. म्हणून मतपेटीचा इतिहास आपणही एकदा वाचून पाहावा.

या सवयीतील धोका संख्याशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिला आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या देशाच्या जनगणनेचे आकडे घेऊन एक साधी तुलना केली. ज्या प्रदेशांत परदेशांतून आलेल्यांचे प्रमाण जास्त, तेथे निरक्षरता कमी आढळत होती. एवढ्यावरून परदेशांतून आलेली माणसे अधिक साक्षर असतात असे कोणी म्हटले असते. प्रत्यक्षात एकेका व्यक्तीचे आकडे पाहिले तर उलटच दिसत होते : परदेशांतून आलेल्यांतच निरक्षरता थोडी अधिक होती, फक्त ती माणसे जेथे स्थायिक झाली ते प्रदेश मुळात अधिक शिकलेले होते. समूहाच्या गुणधर्मावरून व्यक्तीचा गुणधर्म ठरवू नये, हा त्यातला धडा. मराठी वाचकाला तो परळच्या निकालातही सापडेल. १९७० मध्ये परळ ‘भगवे झाले’ असे आपण सहज म्हणतो. त्या निकालात जिंकणारा आणि हरणारा यांच्या मतांत फार थोडे अंतर होते, म्हणजे एकाच चाळीत, कदाचित एकाच खोलीत, दोन्ही मते नांदत होती, हे त्या वाक्यात दिसत नाही.

आता ही वस्ती मुळात कोणती होती ते पाहू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी हा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरीतून आणि साताऱ्यासारख्या घाटावरच्या जिल्ह्यांतून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील शंभरांपैकी सुमारे ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती, आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. म्हणजे हे शहर बव्हंशी घर गावाकडे ठेवून आलेल्या पुरुषांचे होते. एका गावचे लोक मिळून खोली घेत, खाणावळीत जेवत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. नोकरी जॉबरच्या शब्दावर मिळे, उधारी वाण्याच्या वहीवर चाले, आणि संप झाला की गावाकडची जमीन काही महिने पोट भरी.

या वस्तीच्या आत आणखी वस्त्या होत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना गिरणीत रिंगखात्यात काम मिळे. अधिक मजुरीच्या साचेखात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. राहण्याच्या बाबतीतही तसेच होते. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत जातवार आणि गाववार इमारती ओळखल्या जात. एका मजल्यावर सामायिक नळ आणि संडास, १६० चौरस फुटांची खोली आणि तिच्यात दहा-बारा माणसे, हे सर्वत्र समान; पण कोणत्या इमारतीत कोण राहतो हे सर्वांना ठाऊक असे. ‘कामगारवस्ती’ हा एकवचनी शब्द वापरताना ही अनेकवचने विसरून चालत नाही.

तथापि वस्ती म्हणजे मतदार नव्हे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढला, तरी तो मालमत्ता, कर, भाडे, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात तीन कोटींहून अधिक लोकांना मत मिळाले, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्शाला. खोलीतील ज्याच्या नावावर भाडेपावती नाही अशा दहाव्या माणसाला मत कोठून असणार? १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियनने काही महिन्यांत पन्नास हजारांवर सभासद जमवले. रस्त्यावर दिसणारी ही ताकद मतदारयादीत जवळजवळ दिसतच नव्हती. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई प्रांतात चौदा-पंधरा जागा जिंकून आला तो अशाच आखडलेल्या यादीतून. १९४६ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मुंबईच्या विधिमंडळात गेले ते कामगारांसाठी राखलेल्या खास मतदारसंघातून. तेव्हा मतदानाच्या टक्केवारीचा इतिहास लिहायचा तर तो यादीत कोण होते या प्रश्नापासून सुरू करावा लागतो. यादीबाहेरच्या माणसाची उदासीनता कोणत्याही टक्केवारीत मोजता येत नाही.

प्रौढ मताधिकाराने हा पडदा दूर झाला आणि पहिल्याच निवडणुकीत वस्तीच्या समीकरणाला तडा गेला. १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर होते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात ते समोरासमोर आले. येथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती, एक सर्वसाधारण जागेसाठी आणि एक राखीव जागेसाठी म्हणून ती सामान्यतः वापरली जात. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. आंबेडकर आणि अशोक मेहता हे त्यांचे उमेदवार होते. डांगे स्वतंत्रपणे लढत होते. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साधारण चौदा-पंधरा हजार मतांनी हरले. हजारो मते बाद ठरली. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगितले असा आरोप झाला आणि त्यावरून निवडणूक याचिकाही दाखल झाली; ती फेटाळली गेली. याचिकेचा निकाल काहीही असो, कामगारांनी गजबजलेल्या या शहरात कामगारांचे दोन सर्वांत मोठे नेते एकाच वेळी पडले, ही गोष्ट उरते.

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, चित्र उलटले. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले होते. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे प्रचंड मताधिक्याने निवडून आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ मानेही निवडून आले. १९५२ मध्ये एकमेकांना न मिळालेली मते आता एकमेकांना मिळाली. या पाच वर्षांत चाळीतील जातींची मांडणी बदलली नव्हती. बदलली होती ती चळवळ. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांची शाहिरी, ‘मराठा’तील अत्र्यांचे अग्रलेख यांनी त्याच माणसांना ‘आपण कोण’ या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले होते. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. लावणी आणि पोवाडा हे वस्तीचे प्रतिबिंब होते असे आपण शिकवतो; १९५७ च्या निकालात ते वस्तीला मतदार म्हणून घडवताना दिसतात.

पुढे डांगे १९६२ मध्ये पडले आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यानंतर १९७० चे परळ. मराठी माणसाची अस्मिता समितीने जागवली होती; महाराष्ट्र राज्य मिळाल्यावर समिती विरली, पण ती अस्मिता विरली नाही आणि तिला नवा मालक मिळाला, अशी एक मांडणी केली जाते आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. तिच्या जोडीला एक साधी, व्यवहारातली गोष्ट पाहिली पाहिजे. युनियनचे कार्यालय माणसाला गिरणीच्या दारात भेटत होते. गिरणीत ज्याला अजून कायम काम नाही असा कामगाराचा मुलगा युनियनला भेटतच नव्हता. तो व्यायामशाळेत, गणेशोत्सव मंडळात, दहीहंडीच्या पथकात, नाक्यावर होता. शाखा तेथे उघडली. नळाचे पाणी, शाळेतील प्रवेश, इस्पितळातील खाट, नवरा-बायकोचे भांडण अशा कामांसाठी तिचे दार रात्रीपर्यंत उघडे असे. मतदानाच्या दिवशी यादी घेऊन दारोदार जाणारी मुले याच मंडळांतली होती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये पुस्तकरूपाने आणलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात लाल बावट्याचा बाप आणि शिवसैनिक मुलगा यांची एका खोलीतली घरे भेटतात. वर्ग, जात, जिल्हा, भाषा सर्व एक, आणि मत दोन.

१९७४ चा प्रसंग याहून अधिक बोलका आहे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. दलितांवरील अत्याचारांबाबत सरकार काही करत नाही, म्हणून दलित पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला पँथरच्या मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. काँग्रेसच्या हक्काची समजली जाणारी दलित मते पेटीत पडली नाहीत, याचा त्या निकालात मोठा वाटा मानला जातो. मत न देणे हे अडाण्याचे किंवा आळशाचे लक्षण आहे असे जे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते, त्याने वरळीची ही चाळ वाचता येत नाही. येथे केंद्रावर न जाण्यासाठी सभा घ्याव्या लागल्या, मार खावा लागला, एका मुलाचा जीव गेला. ‘गोलपिठा’ १९७२ चा आणि पँथरची स्थापनाही त्याच वर्षीची. त्या कवितेतील नकार आणि हा नकार एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर दोन्ही अधिक कळतात.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. माणसे हळूहळू कामावरून, मग चाळींतून, मग शहरातून निघून गेली. तरीही डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या तेव्हा, दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेत पाठवले. संप हरत असलेल्या वस्तीने संपाच्या नेत्याला निवडून दिले. पाच वर्षांनी तेथूनच शिवसेनेचे वामनराव महाडिक खासदार झाले, आणि १९९१ पासून २००४ पर्यंत सलग पाच निवडणुकांत मोहन रावले. गिरणीचा भोंगा थांबल्यावर युनियनचे दारही बंद झाले. शाखेचे उघडे राहिले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकातील घर याच दोन दारांच्या मधल्या काळातले आहे.

येथपर्यंत वस्ती जवळपास तीच राहिली आणि मत बदलत गेले. त्यापुढची गोष्ट उलट आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या करण्याचा मार्ग दिला. शहराला मोकळी जागा आणि परवडणारी घरे यांचा जो वाटा मिळायचा होता तो २००१ च्या दुरुस्तीने फार आकुंचित केला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला, श्रीनिवास गिरणीच्या जागी गगनचुंबी निवासी मनोरे. वस्ती खरोखरच बदलू लागली. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये झाली तेव्हा वरळी, शिवडी आणि भायखळा हे मलबार हिल आणि कुलाब्याबरोबर दक्षिण मुंबईत गेले. २००९ मध्ये तेथे काँग्रेसचे मिलिंद देवरा निवडून आले. मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे आणि मोहन रावले तिसरे. मनोऱ्यांनी गिरणगाव संपवले असा निष्कर्ष तेव्हा काढता आला असता. पण २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये अरविंद सावंत निवडून आले. शेवटच्या वेळी तर शिवसेना दुभंगलेली असताना. उंच मनोरे उभे राहिले, तरी मताचा कल त्या प्रमाणात सरकला नाही.

याचे एक कारण टक्केवारीत आहे. अमेरिकेत श्रीमंत आणि शिकलेला माणूस गरिबापेक्षा अधिक प्रमाणात मत देतो. आपल्याकडे १९९० च्या दशकापासून अभ्यासकांनी, विशेषतः योगेंद्र यादवांनी, याच्या उलट प्रवाह नोंदवला : दलित, मागास आणि गरीब मतदार केंद्रावर येण्यात मागे राहिले नाहीत, शहरी सुखवस्तू मात्र राहिले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कुलाब्यात ४५ टक्केही झाले नाही. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने मुंबई-पुण्यात काही मतदान केंद्रे गृहसंकुलांच्या आवारातच नेली. चाळीतल्या माणसाला केंद्रापर्यंत मंडळाची मुले नेत होती. मनोऱ्यातल्या माणसासाठी केंद्रालाच त्याच्या दारात यावे लागले.

अर्थात टक्केवारी हा अपूर्णांक आहे आणि त्याचा छेदही पाहावा लागतो. विरार, नालासोपारा, डोंबिवलीला गेलेल्या अनेकांची नावे जुन्या खोलीच्या पत्त्यावर यादीत राहिली, कारण त्या पत्त्याशी पुनर्विकासातल्या घराची आशा बांधलेली होती. असा माणूस मतदानाला आला नाही तर तो आकड्यात उदासीन ठरतो. मे महिन्यातील निवडणुकीत गावी गेलेला चाकरमानीही तसाच.

दुसरीकडे, आकडे आता फार बारीक झाले आहेत. मतदानयंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा कळतो. एका केंद्रावर हजार-दीड हजार मतदार, म्हणजे काही मोजक्या इमारती. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले आणि विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला, पण ते प्रत्यक्षात आले नाही. माणसाचे मत गुप्त आहे. चाळीचे मत गुप्त राहिलेले नाही. ‘तुमच्या इमारतीने आम्हाला मत दिले नाही’ असे म्हणणाऱ्या नगरसेवकाजवळ आता पुरावा असतो. म्हणून वस्तीवरून मत ठरवण्याची सवय ही केवळ अभ्यासातली चूक उरत नाही. तिच्या आधारे नळाला पाणी कधी येईल हे ठरू शकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील काही शे कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीच कुटुंबे, तोच परिसर, पण सामायिक नळ नाही, सामायिक ओटा नाही आणि दार बंद. जनगणनेच्या तक्त्यात यांची जात, भाषा आणि मूळ जिल्हा तोच राहील. यादी घेऊन येणाऱ्या मुलाला आता पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहून लिफ्टने वर जावे लागेल. ही माणसे कोणाला मत देतील, आणि देतील का, याचे उत्तर त्या तक्त्यात नाही. नारायण सुर्व्यांपासून जयंत पवारांपर्यंतचे लेखक शिकवताना ‘लेखकाची वस्ती’ हा मुद्दा आपण फळ्यावर लिहितोच. तो लिहावा. मात्र त्याखाली दुसरी ओळ मोकळी ठेवावी आणि विद्यार्थ्याला विचारावे, की या वस्तीत संध्याकाळी कोणते दार उघडे असे, आणि तेथे कोण बसे.